आष्टीत अर्धं राहिलेलं गाणं

संभाजीनगर मागे पडलं की बसमधली माणसं एकेक करून झोपतात आणि खिडकीबाहेरची जमीन हळूहळू काळी होत जाते. फेब्रुवारीचं ऊन पातळ होतं. लांबवर पोलादाच्या कारखान्यांची धुराडी धुक्यात उभी असल्यासारखी दिसली. जवळ गेल्यावर कळलं, धुकं त्यांचंच होतं. जालन्याला मी पहिल्यांदाच येत होते, आणि निमित्त होतं एका बँडचं.

माझी कॉलेजातली मैत्रीण किरण लग्न होऊन इथल्या मारवाडी घरात आली. घरचा व्यापार बियाण्यांचा, मुलाचं नाव यश. तिने फोनवर सांगितलं होतं, "आमच्या यशने मित्रांबरोबर बँड काढलाय. पहिला कार्यक्रम आष्टीला आहे. तू ये आणि प्रामाणिक मत दे." मी पुण्यात एका प्रकाशकाकडे आयुष्यभर मुद्रितं तपासली. माझं प्रामाणिक मत एकदा ऐकलेली माणसं ते सहसा दुसऱ्यांदा मागत नाहीत. तरी गेले.

बँडचा सराव किरणच्या सासऱ्यांच्या जुन्या गोदामात चाले. आत शिरले तर सरकीच्या पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत, वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा, आणि त्या पट्ट्यात तरंगणारी धूळ. मध्ये तीन मुलं. पोती आवाज पिऊन टाकतात, त्यामुळे एवढा दणदणाट असूनही सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटत होतं. जमिनीवर सांडलेले सोयाबीनचे दाणे ड्रमच्या ठोक्यासरशी थरथरत पुढे सरकत होते.

बँडचं नाव 'कोरडवाहू'. असं का, म्हणून विचारलं.

"पाण्याची ग्यारंटी न्हाई मावशी, तरी पेरून राह्यलो," यश म्हणाला. तो बेस गिटार वाजवतो. गाणी लिहिते आणि गाते ती पूनम, जाफराबादची, इथे शिकायला राहिलेली. हातात तिची स्वतःची गिटार. ड्रमवर अझहर. त्याच्या वडिलांचं लोखंडी कपाटं बनवायचं दुकान आहे, आणि ड्रमसेटचे निम्मे स्टँड त्याने तिथेच वेल्डिंग करून बनवलेले.

अझहरला चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. आष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो निघणार होता. म्हणजे बँडचा हा पहिला कार्यक्रम होता आणि बहुधा शेवटचाही.

"दुसरा कोणी ड्रमवाला?" मी विचारलं.

"ड्रमवाला काय बाजारात भेटतो का, मावशी?" पूनम म्हणाली. "जाऊ द्या. एकदा कुनीतरी आमचं गानं पुरं ऐकावं. मंग ह्याला जिकडं जायचं तिकडं जाऊ दे."

अझहरने मान खाली घालून ड्रमचा एक स्क्रू उगाच पिळला.

ते गाणं त्यांनी मला ऐकवलं. संथ होतं, पायवाटेसारखं लांबत जाणारं.

जाऊन राह्यलो, जाऊन राह्यलो,
सांगून राह्यलो वाटंला;
पाय माझे गेले पुढं,
मी राह्यलो फाट्याला.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हे गाणं नाकारलं गेलं होतं. परीक्षकांनी 'जात आहे' असं शुद्ध करून आणा म्हणून सांगितलं होतं. माझाही हात सवयीने लाल पेन शोधत होता. मी म्हटलं, "पण याचा अर्थ काय घ्यायचा? माणूस जातोय की राहतोय?"

पूनमने माझ्याकडे दयेने पाहिलं. "जाऊन राह्यला म्हंजे जाऊन राह्यला, मावशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत सामान भरून आम्ही परतूरच्या रस्त्याने आष्टीकडे निघालो. दोन्हीकडे पऱ्हाट्या (कापूस वेचल्यावर शेतात उभी राहिलेली वाळकी झाडं), त्यांच्या टोकांना चुकून राहिलेली कापसाची बोटभर पांढरी चिमूट. मध्येच ज्वारीचा हिरवा चौकोन. अझहर मागे सामानात बसून आला. पुढे जागा होती, पण ड्रमला हादरे बसतात म्हणाला.

आष्टीच्या वेशीवर लग्नाचा मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर शुभेच्छुकांचे चेहरे इतके मोठे, की नवरा-नवरी शोधावे लागले. ते खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढे. गुलाबी फेटा बांधलेले एक गृहस्थ समोर आले. हे साहेबराव, नवरीचे काका. यशच्या वडिलांचे जुने गिऱ्हाईक, आणि बँड ठरवणारे तेच.

"या, या. बँडवाले ना? डिरेस कुठंय तुमचा?"

"ड्रेस?" यश म्हणाला.

"लाल कोट, टोपी. आन् क्लॅरनेटवाला मागून येऊन राह्यला का?"

एकदम सगळं लक्षात आलं. यशच्या वडिलांनी दुकानात बसून कौतुकाने सांगितलं होतं, 'आमच्या पोराचा बँड हाय.' लग्नघरच्या माणसाने त्याचा जो अर्थ घ्यायचा तोच घेतला. या जिल्ह्यात बँड म्हणजे नवरदेवाच्या पुढे चालतो तो.

"काका, आमी एका जागी बसून वाजवतो," यश म्हणाला.

"बसून? मंग परण्या काय बसून काढायचा?" परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेण्याची मिरवणूक. ती निघायची वेळ झाली होती. घोडा आलेला, वऱ्हाड आलेलं, नवरदेव उन्हात घामाघूम.

वाद घालायला वेळ नव्हता. साहेबरावांनी ट्रॅक्टरची ट्रॉली मागवली. तीत ड्रमसेट, स्पीकर आणि जनरेटर चढवला. अझहर मागे तोंड करून बसला. पूनम आणि यश ट्रॉलीमागून चालणार, पण गिटारच्या वायरी आखूड. वायर जेवढी, तेवढंच दोघांचं स्वातंत्र्य. ट्रॅक्टर पुढे गेला की दोघं पळत, थांबला की ट्रॉलीवर आपटत. मी बायकांच्या घोळक्यातून चालत होते. एक आजीबाई म्हणाल्या, "पोरगी बांधून ठिवली का काय गं?"

सुरुवात बरी झाली. त्यांची जलद गाणी दोनच, त्यावर पोरं मनापासून नाचली. ती दोन्ही शाळेपाशीच संपली. नवरीच्या घरापर्यंत पोचेस्तोवर पूनमने दुसरं काही उरलं नाही म्हणून, की मुद्दामच, कोण जाणे, ते संथ गाणं धरलं.

मग एक विचित्र गोष्ट झाली. मिरवणूक मंदावली. हात वर केलेली पोरं तशीच उभी राहिली, त्या हातांचं आता काय करावं हे कोणाला कळेना. फक्त घोड्याने सकाळपासून पहिल्यांदाच मान खाली सोडली आणि डोळे अर्धे मिटून घेतले. धूळ खाली बसली. दुपारच्या भर उन्हात ती गल्ली क्षणभर झोपेत चालल्यासारखी वाटली. मला ते आवडलं, हे लिहून ठेवते.

साहेबराव गर्दी सारत आले. "ओ बाई! नवरदेवाला मारुतीकडं नेऊन राह्यलो आपन का मसनात? हे काय मयताला वाजवायचं का? बंद करा, जल्दी!"

कोणीतरी जनरेटर बंद केला. पूनमचं तोंड उघडंच राहिलं, गाणं मध्येच तुटलं. गावातल्या हलगीवाल्यांना हाका गेल्या. ते आले, हलगी कडाडली, आणि सगळ्या हातांना पुन्हा काम मिळालं. ट्रॉली नवरीच्या दारासमोर एका बाजूला लावून ठेवली. अझहर ड्रममागे तसाच बसून होता.

"चला, झाला आपला कार्यक्रम," तो म्हणाला.

"तू तर सुटला," पूनम म्हणाली. एवढंच, पण त्याला लागलं.

लग्न लागलं. पंगतीत वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि बुंदी. बट्टी चुरून त्यावर तूप-वरण घ्यायचं, हे मला शेजारणीने हाताने करून दाखवलं. तिन्ही मुलं पंगतीच्या टोकाला, पत्रावळीकडे बघत. वाढायला साहेबराव स्वतः फिरत होते. ते अझहरपुढे थांबले.

"वाजिवलं न्हाई म्हून जेवायचं बी न्हाई का? खा." आणि एक बट्टी चुरून त्याच्या पत्रावळीत टाकली. अपमान करणाऱ्याच्या हातचं तूप नाकारणं अवघड असतं. अझहर जेवला.

ऊन उतरलं तसा मांडव रिकामा होत गेला. झेंडूच्या माळा कोमेजून त्यांचा कडवट वास हवेत पसरला. हलगीवाले दुसऱ्या गावच्या लग्नाला निघून गेले होते, जनरेटर मालक घेऊन गेला होता. आमचा टेम्पो भरून तयार होता, पण पाठवणीची गाडी रस्त्यात उभी असल्याने अडकला होता. नवरी, वैशाली तिचं नाव, आईच्या गळ्यात पडून रडत होती. गाडीजवळ आली आणि थांबली. डोळे पुसून तिने इकडेतिकडे पाहिलं.

"सकाळचं गानं कोन म्हनत होतं?"

साहेबराव चपापले. "जाऊ दे बाई, चुकून झालं ते."

"मी आतून ऐकू राह्यल्ते. आमच्या दारात येऊन बंद पडलं. पुढं काय हाय त्याच्यात?"

पूनम टेम्पोजवळून पुढे आली. "सांगू का म्हनून दाखवू?"

सगळे साहेबरावांकडे बघू लागले. त्यांनी फेट्याच्या टोकाने नाक पुसलं. "म्हना," ते म्हणाले. "ते मयतावालंच म्हना. आता बराबर हाय ते."

वीज नव्हती, म्हणजे दोन्ही गिटारी मुक्या. अझहरने टेम्पोतून एकच लहान ड्रम काढला आणि मांडीवर घेतला. यशच्या हातात वाजण्यासारखं काहीच नव्हतं. तो नुसता उभा राहिला, आणि तेही त्याने चांगलं केलं. पूनमने उघड्या आवाजात सुरुवात केली.

जाऊन राह्यले, जाऊन राह्यले,
सांगून राह्यले वाटंला;
पाय माझे गेले पुढं,
मी राह्यले फाट्याला.

'लो'चं 'ले' झालं होतं. एवढ्या वर्षांत मी हजारो मात्रा बदलल्या, पण इतकी नेमकी दुरुस्ती माझ्या हातून झाली नाही. अझहर बोटांच्या टोकांनी वाजवत होता, धान्य सांडावं तसं. सूर्य पऱ्हाट्यांच्या मागे टेकला होता. गाडीच्या दारात उभी नवरी, रडायची थांबलेली आई, गुलाबी फेटा, सगळ्यांवर एकच तांबूस धूळ. कोणी नाचलं नाही, टाळ्याही वाजवल्या नाहीत. गाणं शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि पुरं झालं. वैशालीने पूनमचा हात दाबला आणि गाडीत बसली.

परतीच्या वाटेवर अझहर मागे एकटा नव्हता. तिघंही सामानात बसून आले.

सकाळी जालन्याच्या स्थानकावर पुण्याच्या बसमध्ये अझहरची जागा माझ्या शेजारी आली. निरोप द्यायला यश आणि पूनम आले होते. खिडकीतून शिव्या आणि बिस्किटं देऊन गेले. अझहरच्या पिशवीतून ड्रमची एक काडी बाहेर डोकावत होती.

"दुसरी कुठंय?"

"पूनमनं ठिवून घेतली."

"एका काडीने काय वाजवणार तू पुण्यात?"

"काय बी न्हाई, मावशी. म्हनून तर ठिवली तिनं." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "म्हनली, लागंल तवा इकडं येऊन वाजव. साहेबरावच्या भाचीचं लगीन हाय मे महिन्यात. पाठवणीला बोलावलंय. फकस्त पाठवणीला."

त्याचा फोन वाजला. घरून होता. "हाँ अम्मी," तो म्हणाला, "जा रहा हूँ." मी दचकले. हिंदीतही तेच, 'जा' आणि 'रहा'. मराठवाड्यातलं ते जाताजाता राहणं मी पूनमच्या गाण्यात शोधत होते. ते अझहरच्या घरात रोज बोललं जात होतं.

धुराडी मागे गेली. फाटा आला, बस थांबली, एकदोघं उतरली. मग माझा फोन वाजला. पुण्याहून बहीण.

"निघालीस का गं?"

"हो," मी म्हटलं, "येऊन राह्यले."

मग ती म्हणाली, "राहिलीस? म्हणजे येत नाहीयेस?"

शेजारी अझहर सकाळपासून पहिल्यांदा हसला.