साक्षीत न सांगायची गोष्ट

आईचं मढं टेंपोत हुतं. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी दफनभूमीच्या फाटकाला पाठ लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, "ही जागा जुन्या घराण्यांची आहे बाई. तुमचं तुमच्या गावात बघा."

गावातनंच तर आलो हुतो. माण तालुक्यातलं आमचं गाव. मांगवाड्यातली आमी चार घरं येशूला मानतो. सकाळीच गावकीनं सांगितलं, "धरम बदललाय न्हवं? मग आमच्या मसणवट्यात पुरायचं न्हाई." म्हणून एवढ्या उन्हात शहराला आलो. बर्फ वितळून टेंपोच्या फळीतनं पाणी गळत हुतं.

ह्याच चर्चात आमी दर रविवारी एसटीनं यायचो. जगभरात छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी गुडघे टेकायचो. पाळकसाहेब एकेका देशाचं नाव वाचायचे. आईला ती नावं म्हणता यायची न्हाईत, तरी पुटपुटायची बिचारी. त्या दिवशी तिच्यासाठी कुणी तोंड उघडलं न्हाई. पाळकसाहेब आपल्याच बुटाकडं बघत उभे.

शेवटी मामानं माळावरच्या आपल्या तुकड्यात खड्डा काढला. खाली खडक लागला. कमरेएवढाच झाला. कुत्री उकरतील म्हणून आठ दिवस मी तिथं दगड रचत हुते.

महिन्याभरानं मिशनचे परदेशी पाहुणे आले, कुणाकुणाचा छळ होतोय ते बघायला. पाळकसाहेबांनी मला बोलावलं. "साक्ष द्यायची. गावानं काय केलं तेवढंच सांगा. घरातलं बाहेर काढू नका."

सगळ्यांसमोर उभी राहिले. गावाचं सांगितलं. सेक्रेटरींची लेक ते इंग्रजीत सांगत हुती. मग मी म्हणाले, "आणि ह्या चर्चनं बी माझ्या आईला जागा दिली न्हाई."

लेकीनं ते इंग्रजीत सांगितलंच न्हाई. पाळकसाहेब उठले, "ताईंना भरून आलंय."

कसलं डोंबलाचं भरून! रागानं अंग पेटलं हुतं माझं. खाली उतरले, पाहुण्या बाईचा हात धरला आणि तिला मागं दफनभूमीपाशी नेलं. आतल्या मोकळ्या जागेकडं बोट केलं. म्हणाले, "मदर. नो."

बाई रडली. माझ्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली. फोटो काढला. आणि जेवायला गेली.

तवा माझे डोळे उघडले. लांबचा छळ ह्यांना दिसतो, त्याची कीव करता येते. दारातल्याला जागा द्यावी लागती.

आता साक्ष बंद. आईच्या जागेसाठी दोन अर्ज केलेत मी, एक ग्रामपंचायतीला, एक कमिटीला. दोन्हीची पोच घेतली. पाळकसाहेब म्हणतात, "क्षमा करावी, ताई." क्षमेचं मी आणि माझा देव बघून घेऊ. मामाला सांगून ठेवलंय, आईला त्या खडकातनं काढायचं आणि पुरुसभर खोल मातीत नीट पुरायचं. कुठं, ते गावानं न्हाईतर कमिटीनं ठरवावं. न्हाई ठरवलं, तर मी ठरवीन.