ठिपक्यांची लाट

वर्गात कुणी विचारलं, "सर, मग प्रकाश म्हणजे लाट हा जुना सिद्धान्त चुकलाच ना?" की सर चष्मा कपाळावर ढकलायचे. "चुकला न्हाई रे. त्याला गर्दी दिसली, गर्दीतला एकेक गडी दिसला न्हाई."

पारनेरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला सर आणि मी, आम्ही दोघंच. ज्याच्याशी वाद घातल्याशिवाय चहाला चव येत नाही, असं माणूस तुमच्याही नोकरीत असेल. मी म्हणायचे, प्रकाश कणांचा आहे हे कळल्यावर लाटा शिकवायच्याच कशाला? सर तापायचे. "चष्मा करणारा कण मोजत बसतो व्हय, मॅडम? प्रकाश भरपूर असला की दोन्हीचं उत्तर एकच. फरक कळतो तो प्रकाश लई कमी केल्यावर."

"मग दाखवा."

त्यातून आमचा प्रयोग उभा राहिला. खिडक्यांना काळे कागद लावले. लेझरपुढे एक्स-रेच्या काळ्या फिल्म धरून सरांनी प्रकाश जवळजवळ संपवला. काजळी धरलेल्या काचेवर ब्लेडने दोन बारीक चिरा मी पाडल्या. कितीतरी काचा वाया घालवून. अंधूक प्रकाश टिपणारा कॅमेरा मी भावाकडून उसना आणला.

एका दुपारी संगणकावर ठिपके पडू लागले. इथे एक, तिथे एक, काही ताळमेळ नाही. आम्ही बघत बसलो. हळूहळू त्याच ठिपक्यांतून उजेड-अंधाराचे पट्टे उमटले, जुन्या सिद्धान्ताने सांगितले होते तिथेच.

"मॅडम, आली बघा लाट!" डोळे पुसायला त्यांनी माझाच रुमाल मागितला.

पुढे नगरला शिक्षकांच्या मेळाव्यात सरांनी तो प्रयोग मांडला. मी मागच्या रांगेत होते. कुणीतरी विचारलं, "सोबत कोण होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणीही नाही," एकदम शुद्ध भाषेत म्हणाले. "मी एकट्यानेच केलं."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

परतताना एसटीत मी विचारलं, "का केलंत असं?"

"मोठ्या कॉलेजात विभागप्रमुखाची जागा निघालीय. तुमचं वय हाय अजून."

"माझं नाव घेतल्याने ती गेली असती?"

सरांनी कंडक्टरला हाक मारून दोघांची तिकिटं काढली.

जागा त्यांना मिळाली. निरोप समारंभाला मी गेले नाही. प्रयोगशाळेत लेझर लावत बसले. भिंतीवर पट्टे धूसर येत होते. गळ्यातला हार हातात धरून सर दारात उभे राहिले.

"मॅडम, काच जरा डावीकडं घ्या."

मी हात लावला नाही. ते गेले.

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली, तेव्हा मी काच डावीकडे सरकवली.