चालू करून दिलेला संगणक

“आदी चालू करा, मंग पुजा,” हे जुने संगणक दुरुस्त करणाऱ्या भाऊंचे वाक्य हिंगोलीतल्या निम्म्या दुकानदारांना पाठ होते आणि एकानेही ते कधी पाळले नाही. खंडेनवमीला तराजू, मापे, शिलाईयंत्रे यांच्या रांगेत संगणकही मांडला जाई. त्यावर हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुले. एखादा भाविक तर त्याच्या कोपऱ्यावरच नारळ फोडी. दसरा उलटला की हे सगळे संगणक आमच्या गल्लीत, त्यांच्या ओसरीवर येत. फ्लॉपीच्या फटीतून चिमट्याने एकेक तांदूळ काढीत ते मान वर न करता विचारीत, “शेठ, भूक लागली म्हनून यानं सांगितलं व्हतं का तुमाला?”

मी त्यांचा शेजारी. गावातल्या शाळेत हयातभर मराठी शिकवले, त्यामुळे शब्द तोलून वापरण्याची सवय आहे. म्हणून तोलूनच सांगतो: त्यांच्याविषयी आज जे बोलले जाते, ते खोटे आहे. अपुरे नव्हे, ऐकीव नव्हे, खोटे. “बंद पडलेला संगणक रंग मारून शाळेच्या गळ्यात घातला,” असे लोक म्हणतात. तो संगणक चालू होता. मी तो चालताना पाहिला आहे.

ते शिरड शहापूरकडच्या मेंढपाळाच्या घरातले. दूरध्वनी खात्यात तारा जोडता जोडता कथलाचा डाग देण्याचे कसब हाताला लागले आणि निवृत्तीनंतर ते जुन्या संगणकांकडे वळले. जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्यांत नवी यंत्रे आली आणि जुनी भंगाराच्या गाड्यावर दिसू लागली. ते गाडा थांबवीत. धूळ झाडायला त्यांच्याजवळ थोरल्या भावाने बोकडाच्या केसांचा बांधून दिलेला कुंचला होता. “बाजारातला ब्रश वीज धरतो सर, बोकड न्हाई धरत,” असे ते मला गंभीरपणे सांगत. बोकडाचा हा गुण मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळला नव्हता.

वादाचा विषय झालेला संगणक एका हळदीच्या आडत्याचा. गावात आलेला पहिलाच म्हणत. वर्षानुवर्षे हळदीचा भुगा खाऊन तो आतून इतका पिवळा झाला होता, की झाकण काढताच मला शिंक आली. त्यांनी त्याचे बोर्ड सुटे केले, रिठ्याच्या पाण्याने धुतले, नितळ पाण्याने खंगाळले आणि गच्चीवर वाळत घातले. शेजारच्या वहिनींनी कठड्यावरून विचारले, “हे पापड कायचे, भाऊजी?”

“तळू नगा फक्त,” ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात त्यांनी दुसरे काम घेतले नाही. एके दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटत होती. ते कुंचला हातात तसाच धरून, नातवंड पहिल्यांदा उभे राहिल्यावर माणूस पाहतो तसे पाहत राहिले.

आमच्या शाळेच्या संस्थेचा मोठा समारंभ ठरला, तेव्हा अध्यक्षांनी हा संगणक मागितला. भाऊंनी एका अटीवर दिला: महिन्यातून एकदा आपण येऊन तो चालू करणार आणि पोरांना हात लावू देणार. अट मान्य झाली. मी तिथे बसलो होतो. समारंभात तो सर्वांसमक्ष चालला, टाळ्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी तो काचेच्या कपाटात गेला. कपाटाला कुलूप लागले आणि चावी अध्यक्षांच्या घरी गेली.

पुढचे बोलणेही मी कानांनी ऐकले आहे.

“साहेब, चावी देता का जरा?”

“काहून? बरा करून दिला न तुमी?”

“बरा केला. पर आत बॅटरी हाय, बोर्डाला डाग देऊन बसवलेली. ती असल्याबिगर त्याला सोताची डिस्क वळखू येत न्हाई. निसता पडून राहिला त ती पाझरती. तांब्याच्या रेघा खाती.”

“अहो, काचेत ठेवलाय आमी. धूळ न्हाई, वारा न्हाई. तुमच्या ओसरीवर व्हता का असा थाट?”

“मंग बॅटरी तेवढी काढू द्या. पुन्ना येनार न्हाई.”

“तुमच्या हाताला लई खाज हाय बुवा,” अध्यक्ष म्हणाले आणि जमलेली मंडळी हसली.

ते पुन्हा गेले, अनेकदा गेले. कधी अध्यक्ष नांदेडला, कधी चावी सापडत नाही, कधी “सणानंतर पाहू”. मी म्हणालो, भांडा. ते म्हणाले, “सर, दवाखान्याच्या दाराशी भांडून पेशंट बरा व्हत न्हाई.” या माणसाला भांडता येत नव्हते. त्याचा लाभ गावाने पुरेपूर घेतला.

पुढे कोणी बडे पाहुणे आले आणि त्यांना दाखवण्यासाठी कपाट उघडले गेले. बटण दाबले. पडदा काळाच राहिला. भाऊंना बोलावणे गेले, ते धावत आले, आणि दारातच अध्यक्षांनी पाहुण्यांना सांगितले, “बंदच देला व्हता यायनं. रंगरंगोटी करून.” भाऊ एवढेच म्हणाले, “मला घरी नेऊ द्या. पुन्ना उभा करतो.” उत्तर मिळाले, “संस्थेची मालमत्ता बाहेर जात न्हाई.”

त्या दिवसापासून ओसरीवरची गर्दी ओसरली. रंग मारून देणाऱ्याकडे कोण येईल?

ते वारले तेव्हा शोकसभा त्याच सभागृहात झाली. एका वक्त्याने हसतमुखाने सांगितले, “भाऊंनी दिलेला संगणक बंद होता, पण भावना चालू होती.” शोकसभेत लोक हसले. मी उठलो आणि म्हणालो, कपाट उघडा, आत्ता उघडा. माझ्या वयाला घाबरून त्यांनी उघडले. शाळेच्या वायरमनने मागचे झाकण काढले. बॅटरीभोवती हिरवट-निळी बुरशी धरावी तसा थर चढला होता आणि तिच्या खालच्या तांब्याच्या रेघा नाहीशा झाल्या होत्या. हा माणूस जे सांगत होता ते अक्षरशः समोर होते. अध्यक्ष वाकले, त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “बघा. आतून सडकाच व्हता.” मंडळींनी माना डोलावल्या आणि झाकण पुन्हा बसवले गेले. डोळ्यांना दिसूनही ज्यांना दिसत नाही, त्यांना मी काय शिकवले, असा प्रश्न मला पडला. कारण त्यांतले निम्मे माझे विद्यार्थी होते.

हे लिहिताना मला त्यांचे शेवटचे दिसलेले रूप आठवते. शाळेला सुटी होती, शिपायाने गुपचूप सभागृह उघडून दिले होते आणि ते कपाटापुढे गुडघे टेकून बसले होते. हातातल्या विजेरीचा झोत काचेतून यंत्राच्या झरोक्यांवर पाडीत होते. मी विचारले, काही दिसते का?

“स्क्रूवर हिरवं चढाया लागलंय,” ते म्हणाले. “अजून वाचंल, सर.”

मग ते उठले. काचेवर त्यांच्या नाकाचा आणि श्वासाचा डाग उमटला होता. शिपायाला बोलणी बसू नयेत म्हणून सदऱ्याच्या टोकाने त्यांनी तो नीट पुसून काढला.