तीन फोटो आणि एक तोंड

वडनेरला सासरी येऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि त्या घरातल्या एकाही पुरुषाने माझं तोंड पाहिलेलं नव्हतं. (नवऱ्याने पाहिलं होतं. पण तो लग्नानंतर सव्वा महिन्यातच आगबोटीत बसून नैरोबीला निघून गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं आमच्या सासूबाई चारचौघींत आवर्जून सांगत. कुणी विचारलेलं नसताना!)

गोष्ट पन्नास सालानंतरची, चार-दोन वर्षं इकडेतिकडे. हे तिकडे रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. वैशाखात रजेवर येणार होते आणि त्यानंतरची रजा थेट तीन वर्षांनी. यांच्या पासपोर्टाची मुदत संपत आली होती, तो तिकडेच नवा करून घ्यायचा होता. त्या काळी नवऱ्याच्या पासपोर्टावर बायकोचाही फोटो चिकटवता येई. म्हणून यांचं पत्र आलं : "फोटो ताबडतोब पाठवा. मी निघण्याआधी मंजूर झाला तर हिला सोबत आणता येईल. नाही तर तीन वर्षं थांबावं लागेल."

पत्र मामंजींनी ओसरीवर मोठ्याने वाचलं. मी दाराआड उभी होते. तीन वर्षं हे शब्द ऐकून माझ्या हातातलं ताट खाली पडलं.

"फोटो कायले पायजे?" सासूबाई म्हणाल्या. "मानूस तोंडानं का बोटीत बसते?"

बऱ्याच चर्चेनंतर फोटोला परवानगी मिळाली; तोंडाला मिळाली नाही. सर्व्हिस मोटारीने आम्ही हिंगणघाटला गेलो. तिथले फोटोवाले बबनराव. त्यांच्या दुकानात मागे रंगवलेला पडदा होता : तळं, राजवाडा आणि तळ्यात दोन हंस. मी हंसांच्या मधोमध बसले. सासूबाईंनी पुढे होऊन माझा पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला आणि म्हणाल्या, "हं, आता काढा!"

"बाई, तोंड दिसत नाई," बबनराव म्हणाले.

"तुम्हाले कायले पायजे? तुम्ही फोटो काढा!"

फोटो सुरेख आला. हंस तर इतके स्पष्ट आले होते की पिसं मोजावीत. माझी हनुवटी दिसत होती आणि नथीचा खालचा मोती. सासूबाई घरंदाज फोटो म्हणून खूश झाल्या.

महिन्याभराने फोटो परत आला. सोबत यांचं पत्र : "कचेरीतला साहेब विचारतो, यात बाई कुठे आहे? मागे पडदा पांढरा हवा. डोकं उघडं हवं. दोन्ही कान दिसले पाहिजेत."

"कान!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "माय वं! लोकाच्या सुनेचे कान त्या सायबाले कायले पायजे?"

मामंजींचे स्नेही, रिटायर झालेले हेडगुरुजी रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येत. त्यांनी समजावलं, "वैनी, मानसाचं सारं बदलते, कान बदलत नाई." सासूबाईंनी मामंजींच्या कानांकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि मग होकार दिला.

पुढे जे झालं त्याला मात्र मीच कारण आहे, आणि हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या गालांवर देवीचे वण आहेत. नाक बसकं आहे. माझ्या माहेरी, आंजी गावाला, याचं कुणाला काही वाटत नसे, कारण तिथे सगळ्यांचीच नाकं तशी! पण नवऱ्याला सव्वा महिना दिसलेलं तोंड आता कागदावर कायमचं चिकटणार, या विचाराने मला घाम फुटला. बबनराव पांढरी चादर टांगत होते, सासूबाई हंसांकडे पाहत होत्या. मी हळूच म्हटलं, "भाऊ, नाक थोडंसं बरं करता येते का?"

त्या माणसाचे डोळे चमकले. आयुष्यभर तो लग्नाच्या मुली उजळत आला होता आणि मेलेल्या म्हाताऱ्यांचे मिटलेले डोळे पेन्सिलीने उघडत आला होता. जिवंत बाईने स्वतःहून मागणी करायची ही त्याची पहिलीच वेळ असावी.

त्याने नाक बरं केलं. वण पुसले. मग नाकाला शोभेनात म्हणून डोळे लांब केले, डोळ्यांना शोभेना म्हणून रंग गोरा केला. आणि शेवटी हनुवटीवर एक तीळ काढला. (तो मी सांगितला नव्हता. तो त्याच्या मनाचा.)

"हे कोन वं?" सासूबाईंनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं. इतक्या ठामपणे मी त्या घरात प्रथमच बोलले असेन.

आळीतल्या बायका फोटो बघून गेल्या. "फोटोत बरी दिसते," असं एकीने म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. तीन प्रती पाठवल्या. दोन परत आल्या. तिसरी टपालात गहाळ झाली असेल, असं मामंजी म्हणाले आणि त्यांनी टपालखात्याला दोन शिव्या दिल्या. पत्रात लिहिलं होतं : "साहेब म्हणतो, फोटोवर हात फिरवलेला आहे, चालणार नाही. आता नवा काढा, आणि चेहरा खरा असल्याचं एखाद्या ओळखीच्या प्रतिष्ठित माणसाने मागे लिहून सही करावी. हे पत्र मिळाल्यापासून दोन दिवसांत टपालाने निघालं नाही, तर विषय संपला."

दुसऱ्याच दिवशी जाऊन तिसरा फोटो काढला. यात वण होते, नाक होतं, दोन्ही कान होते. मला तो बघवेना.

सहीसाठी प्रतिष्ठित माणूस गावात एकच, हेडगुरुजी. त्या संध्याकाळी मामंजींनी फोटो आणि टाक पुढे केला. गुरुजींनी चष्मा लावला, फोटो पाहिला आणि टाक खाली ठेवला.

"सही कशी करू? म्या सूनबाईचं तोंडच पाह्यलं नाई."

"अहो, दीड वर्ष तिच्या हातचा चहा पिऊन राह्यले तुम्ही!"

"हात वळखतो नं! हाताचा फोटो आना, आत्ता सही करतो. कपाचा कान नेहमी उजव्या बाजूले ठेवते. पाय पडते तवा भांगही पाह्यला. पन हे तोंड कोनाचं, मले काय मालूम?"

"आमचीच सून हाये, आम्ही सांगून राह्यलो नं," सासूबाई म्हणाल्या.

"मंग तुम्हीच सांगा, पाटील. तुम्ही पाह्यलं?"

मामंजी खाली बघून म्हणाले, "खरं सांगू का, गुरुजी? हिंगनघाटच्या बाजारात समोर आली तं म्या नाई वळखनार."

"मंग? खोटी सही करू? म्या पोटच्या पोराले एका मार्कानं नापास केलं हाये!"

(त्या पोराचं पुढे किराण्याचं दुकान निघालं आणि त्याने बापाला कधी उधार दिलं नाही. पण ते असो.)

मी दाराआड चहाचा कप घेऊन उभी होते. मला रडू फुटलं. आणखी तीन वर्षं ह्याच दाराआड उभं राहायचं, कारण ज्यांचा मी एवढा मान ठेवला त्यांनीच मला ओळखू नये! आणि मग रडू गेलं आणि संताप आला. मी बाहेर आले, कप ठेवला (कान उजवीकडे), आणि पदर खांद्यावर टाकून तिघांपुढे उभी राहिले.

"पाहा! हे माझं नाक, हे माझे वण. पटत असंल तं सही करा, नाई तं चहा न घेता जा!"

सासूबाईंनी "माय वं!" म्हणून पदर घेतला आणि झाकलं ते स्वतःचं तोंड. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. उत्तरपत्रिका तपासावी तितक्या सावकाश.

"फोटोतल्या बाईचं तोंड बंद हाये," ते म्हणाले. "बाकी बरोबर." आणि सही केली.

मामंजी मात्र अजून माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "अरे! हे तं हुबेहूब आपल्या आंजीच्या व्याह्यावर गेली!"

फोटो मंजूर झाला. हे वैशाखात आले, आणि मी यांच्याबरोबर निघाले. बोटीत मला सात दिवस उलट्या झाल्या, पण पदर खांद्यावर होता आणि समुद्र उघड्या डोळ्यांनी दिसत होता. इतकी खूश मी आधी कधी झाले नव्हते.

नैरोबीच्या स्टेशनावर यांच्या कचेरीतले अमरावतीचे एक स्नेही बायकोला घेऊन आले होते. बाईंच्या हातात हार होता. त्या माझ्याकडे बघून हसल्या, मग मला ओलांडून मागच्या डब्यात डोकावू लागल्या.

"भाऊजी, वहिनी कुठं हायेत?"

हे बुटांकडे बघू लागले.

"आम्ही फोटो पाह्यला नं! भाऊजींनं टेबलावर फ्रेम करून ठेवला. काय नाक हाये! अन् हनुवटीवर थो तीळ!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही वहिनीच्या मोठ्या बहीन का?"

टपालखात्याला उगाचच शिव्या बसल्या होत्या. मी यांच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि आठवलं की ते नाक मागायला मीच गेले होते.

"हो," मी म्हटलं. "येऊन राह्यली मागून."

बारा वर्षं राहिलो आम्ही नैरोबीला. ती काही आली नाही.