मल्हारीकाकांना कळलेला हात

मल्हारी कासारांना आम्ही काकाच म्हणायचो. पंचवटीतल्या आमच्या आळीत चाळीस वर्षं त्यांनी बायकांना बांगड्या भरल्या. नवऱ्याला बायकोच्या हाताचं माप ठाऊक नसेल, काकांना मात्र सासू-सून-नणंद सगळ्यांचं तोंडपाठ. बडबडे होते, आणि थोडे बढाईखोरही.

माझी धाकटी बहीण स्वानंदी गरोदर असताना, दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये, तिला करोना झाला. चौथा महिना होता. आमच्याकडे, माहेरीच बरी झाली, पण त्यानंतर आईने तिला तपासणीला जाऊच दिलं नाही. "दवाखान्यातून पुन्हा काही घेऊन यायचंय का?" मलाही ते पटलं. शहाणपणा नुसता उतू चालला होता आमच्या घरात.

जुलैत सातवा लागला आणि डोहाळजेवण ठरलं. त्या दिवशी हिरवा चुडा भरायला काका आले. तीन आठवड्यांपूर्वी वटपौर्णिमेला त्यांनीच तिला दोन-चारच्या बांगड्या भरल्या होत्या. आता त्याच मापाची बांगडी बोटांच्या पेरांवर अडली. साबण लावला तरी जाईना. काकांनी मनगट दाबलं, तर पडलेला खड्डा तसाच राहिला. काका गप्प झाले. त्यांना गप्प झालेलं मी प्रथमच पाहत होते. मग "दोन-आठ काढतो," एवढंच म्हणाले. आई कौतुकाने हसली, "बघा, कशी भरलीय माझी लेक!"

चौथ्या दिवशी स्वानंदीला झटके आले. बीपी भलतंच चढलेलं. तातडीने सिझेरियन केलं. स्वानंदी वाचली, तिची मुलगी वाचली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला पोसणारी वार नीट काम करत नव्हती, बीपी चढण्याचं मूळही तिथेच असतं. करोनाच्या विषाणूने वारेला इजा केली असेल, नसेलही. पण तपासणीला आला असतात तर बीपी तेव्हाच कळलं असतं.

काका भेटायला आले आणि आईपुढे रडले. "वहिनी, मला हात कळला व्हता. सुजलेला हात हाय, भरलेला नाय. पण शुभकार्यात अभद्र कसं बोलू, म्हणून जीभ आवरली." आईने पुन्हा कधी त्यांना बोलावलं नाही.

तेव्हापासून काका प्रत्येक गरोदर बाईला आधी विचारू लागले, "बीपी तपासलं का? तपासून या, मग भरतो." बायकांना ते अपशकुनी वाटायला लागले. एकेक गिऱ्हाईक तुटलं. म्हाताऱ्याला वेड लागलंय, असं लोक उघड म्हणायचे.

मी ते ऐकून घ्यायचे. खरं तर डोहाळजेवणाच्या सकाळी स्वानंदी मला म्हणाली होती, "ताई, डोकं फुटतंय गं. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." मी म्हटलं, "पाहुणे जाऊ देत, मग बघू." ते राहूनच गेलं. चार वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. सगळा दोष काका एकटे वाहत होते आणि मी वाहू दिला. लिहितानाही लाज वाटते.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, ऐकून त्यांचं ओझं जरा उतरेल. निदान मला चार शिव्या तरी देतील.



"म्हंजे त्या दिवशी आपण दोघं व्हतो, मंजू," काका म्हणाले. "एकाच खोलीत. एकानं जरी तोंड उघडलं असतं!"