आर्लेतने घंटा वर नेली

आर्लेत मर्मेच्या कुरणाखाली, गावातल्या चर्चचा मनोरा उलटा गाडला तरी पोचणार नाही इतक्या खोल, एक बोगदा आहे. त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही, कारण तो गोल आहे. थोडा स्विस हद्दीत, बाकीचा इकडे फ्रान्समध्ये, गावांखालून आणि मक्याच्या शेतांखालून तो फिरून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळतो. आर्लेतच्या गाई त्याच्यावर चरतात, त्याच्यावर बसून रवंथ करतात. तो खणला जात होता तेव्हा आर्लेत चाळिशीला टेकली होती. खडीचे ट्रक गोठ्याच्या भिंतीला लागून जायचे आणि लोक म्हणायचे, आता गाई आटणार. गाई आटल्या नाहीत. तेव्हापासून भीतीशी कसं वागायचं हे तिने ठरवून टाकलं होतं. भीती दारात आली तर तिला बसायला जागा द्यायची आणि आपण धार काढायला जायचं.

पण वीसेक वर्षांनी भीती तिच्याच घरात आली आणि तिच्या भावाच्या खुर्चीत बसली.

भाऊ फेर्नां तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. दोघांनीही लग्न केलं नाही. गोठा दोघांचा, कामं वाटलेली. दुभत्या गाई खाली आर्लेतकडे. त्यांचं दूध सकाळ-संध्याकाळ गावाच्या सामायिक चीजघरात जायचं, तिथे सगळ्यांचं दूध एकाच तांब्याच्या कढईत ओतलं जायचं. कालवडी घेऊन फेर्नां जूनमध्ये डोंगरावर जायचा आणि माथ्याखालच्या दगडी घरात एकटा राहायचा. ऑक्टोबरात, हिम पडायच्या आत, कळप खाली आणायचा. त्या दिवशी पुढच्या गाईच्या गळ्यात मोठी घंटा बांधतात. ही घंटा उन्हाळाभर खालीच खुंटीवर असते. उतरायच्या दिवशी सकाळी घरातलं कुणीतरी ती पाठीवर घेऊन वर जातं, पण ती बांधतो तो ज्याने कळपाबरोबर उन्हाळा काढला तोच. दुसऱ्या कुणी बांधली तर गाय चालत नाही, असं त्यांचे वडील सांगायचे. खरं खोटं कुणी करून पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी बोगद्यातलं यंत्र सुरू होणार होतं. अणूच्याही आतले कण दोन उलट्या दिशांनी पळवायचे आणि एकमेकांवर आपटायचे. टीव्हीवर लोक सांगत होते की त्या आपटण्यातून एक कृष्णविवर जन्मेल आणि आधी हा डोंगर, मग पृथ्वी गिळून टाकेल. गावात त्यावर हसणंच जास्त चालायचं. कॅफेवाल्याने फळ्यावर लिहिलं होतं: 'आज शेवटचं जेवण. उद्याही मिळेल.' फेर्नांही हसला होता, जुलैपर्यंत.

जुलैत दुआर्त वर गेला. हा पोर्तुगीज भौतिकशास्त्रज्ञ, त्याच यंत्रावर काम करणारा, आर्लेतच्या घराच्या वरच्या मजल्यावर बायको आणि तान्ह्या मुलीसह भाड्याने राहायचा. सुटीच्या दिवशी आर्लेतबरोबर तो डोंगर चढला. फेर्नांने पाव कापला, चीज कापलं, वाइन ओतली आणि सहज विचारलं, "काय हो, होणार का काही आम्हाला?"

"फार फार कमी शक्यता आहे," दुआर्त म्हणाला. "कल्पना करता येणार नाही इतकी कमी. आकाशातून असेच कण चंद्रावर आपटत आलेत, युगानुयुगं. चंद्र आहे की अजून."

"म्हणजे काही होणार नाही."

दुआर्तने चीजचा तुकडा उचलला आणि परत ठेवला. "शून्य असं आम्ही कशालाच म्हणत नाही, मस्य मर्मे. तुम्ही हा पेला सोडलात तर तो वर जाईल, याचीसुद्धा शक्यता शून्य म्हणता येत नाही."

आर्लेतने टेबलाखालून त्याला लाथ मारली, पण उशीर झाला होता. फेर्नांने हातातला पेला फार जपून खाली ठेवला.

उतरताना ती दुआर्तवर चिडली. "एक शब्द होता. नाही. एवढा एक शब्द तुम्हाला येत नाही? सहा भाषा बोलता म्हणे."

"तो शब्द मी माझ्या आईलाही म्हटला नाही," दुआर्त म्हणाला. "खोटा होईल तो."

"मग खोटं बोलायचं. म्हातारा माणूस आहे."

"त्यांना कळलं असतं."

हे मात्र खरं होतं. फेर्नांच्या भीतीची मेख तिथेच होती. त्याने पुढच्या खेपेला तिला ती नीट सांगितलीच. "रशियातलं ते अणुकेंद्र फुटलं त्या वसंतात, आठवतं? रेडिओवरचा माणूस म्हणाला, ढग आपल्याकडे आला नाही, खुशाल खा. सरहद्दीपलीकडच्या गावात भाजी फेकून देत होते. जे खोटं बोलतात ते सगळे म्हणतात, काही होणार नाही. हा पहिला माणूस भेटला जो तसं म्हणाला नाही."

"म्हणून तू घाबरलास? खरं बोलला म्हणून?"

"म्हणूनच."

आणि मग त्याने ठरवलेलं सांगितलं. तो खाली येणार नव्हता. कालवडी घेऊन माथा ओलांडून पलीकडच्या दरीत मावसभावाच्या गोठ्यात हिवाळा काढणार होता, आणि पुढेही तिकडेच. बोगद्यावर पुन्हा पाय ठेवणार नव्हता. आर्लेतला यायचं तर तिने यावं.

कालवडी म्हणजे पुढच्या वर्षाचं दूध. फेर्नां म्हणजे चारा, गव्हाणी, गाईंची बाळंतपणं, आणि संध्याकाळी समोरच्या खुर्चीत बसून सूप फुंकणारं माणूस. हे दोन्ही गेलं तर गोठा बंद. आर्लेतला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सप्टेंबरात यंत्र सुरू झालं. गावात टीव्हीच्या गाड्या आल्या. एका पोरसवद्या बातमीदाराने कुंपणावरून आर्लेतपुढे माइक धरला. "भीती वाटते का तुम्हाला?"

"वाटते. चारा कापून पडलाय आणि गुरुवारी पाऊस सांगितलाय. तुमची गाडी फाटकातून काढा."

त्या दिवशी काही झालं नाही. रविवारी ती डोंगरावर गेली. फेर्नां दारातच उभा होता. "एका वेळी एकाच दिशेने पळवलेत त्यांनी," तो म्हणाला. "आपटायचे राहिलेत अजून." आणि हेही बरोबर होतं. भीतीने त्याला पेपर बारकाईने वाचायला शिकवलं होतं.

मग महिन्याच्या अखेरीला एके दुपारी दुआर्त पडलेल्या चेहऱ्याने अंगणात आला. यंत्रात बिघाड झाला होता. कण एकमेकांवर आपटलेच नव्हते. आता वसंतापर्यंत काही नाही, कदाचित त्याहून जास्त.

चीजघरात रेमोंने ही बातमी ऐकली आणि कढईवर हात टेकून तो हसत सुटला. रेमों तिथला चीज करणारा, आर्लेतचा शाळेपासूनचा सोबती. "झालं तुझं काम, म्हातारे. जा, सांग त्या बोकडाला. उद्या उड्या मारत खाली येईल."

"हो," आर्लेत म्हणाली.

पण ती गेली नाही. दोन्ही वेळच्या धारांना ती त्याच विचारात बसली. गाईच्या कुशीला डोकं टेकलं की तिला विचार करता यायचा. दुसरीकडे कुठे तिला तो जमला नव्हता. सांगितलं तर तो येईल, यात शंका नव्हती. हिवाळा निघेल. जूनमध्ये तो वर जाईल आणि यंत्र दुरुस्त होईल. मग पुढच्या ऑक्टोबरात ती अंगणात उभी राहून वाट बघणार, पुन्हा काहीतरी बिघडावं म्हणून. दर वर्षी. आपला भाऊ घरी यावा म्हणून दुआर्तसारख्या पोरांच्या कामावर पाणी पडावं, असं मागत बसणार. हे तिला नको होतं. तो यायचा तर यंत्र चालू आहे असं समजून यायला हवा.

तिने रेमोंला सांगितलं, वर जाणाऱ्या कुणालाही बोलू देऊ नकोस.

"वेड लागलं तुला," रेमों म्हणाला. "आणि नाही आला तर?"

"तर नाही येणार."

"मग कालवडी?"

"रेमों, दूध मोज आणि गप्प बस."

ऑक्टोबरात हवा फिरली. माथा सकाळी पांढरा दिसू लागला, दुपारी पुन्हा हिरवट. आर्लेतने खुंटीवरची घंटा काढली, पोत्यात गुंडाळली आणि पट्ट्याने पाठीला बांधली. पोत्यातूनही ती प्रत्येक पावलाला एक जाड, दबलेला आवाज करत होती. वाटेत गुडघा दुखायला लागला तेव्हा ती बसली नाही, कारण बसलं की उठताना घंटा मागे ओढते.

फेर्नांने तिला लांबूनच ऐकलं असणार. तो चुलीजवळ पाठ करून उभा होता. हौदातलं पाणी कडेला गोठलं होतं, आणि दाराशी त्याने पलीकडे न्यायचं सामान बांधून ठेवलं होतं.

तिने घंटा टेबलावर ठेवली.

"कशाला आणलीस? मी सांगितलंय तुला."

"सांगितलंस. मी आणली. आता ती माझ्या पाठीवरून खाली जाणार नाही."

"राहू दे मग इथेच."

"राहू दे."

ती बसली. त्याने तिच्यापुढे कॉफी ठेवली, कारण भांडण असलं तरी कॉफी द्यायची असते. बाहेर म्हातारी गाय मार्मोत, जी दर वर्षी कळपाच्या पुढे चालायची, दाराला नाक लावून फुसफुसत होती. तिने घंटा ऐकली होती.

"तुला खरंच भीती वाटत नाही?" फेर्नांने विचारलं.

"वाटते."

तो वळला. हे त्याने अपेक्षिलं नव्हतं. "मग कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? धारेला बसते तेव्हा ते माझ्या पायाखाली असतं. रोज, दोन्ही वेळा. मला त्यातलं काही कळत नाही. दुआर्त नाही म्हणत नाही, हे मलाही ऐकू आलं. मी घाबरते आणि दूध काढते. तू घाबरतोस आणि इथे बसतोस."

"तू तिकडे ये ना पलीकडे. दोघं राहू."

"पलीकडे काय आहे? पृथ्वी गिळली तर मावसभावाचा गोठा तेवढा सोडणार आहे ते?"

फेर्नांच्या ओठाचा कोपरा हलला, पण तो हसला नाही. "निदान डोळ्यांनी बघायला तरी नको."

"इथून तर सगळं दिसतं," आर्लेत म्हणाली. तिने दाराकडे हात केला. खाली दरी पसरली होती, तळं, गावं, आणि त्यांच्या घराचं लाल छप्पर. "काही झालंच तर मी तिथे असेन आणि तू इथून बघशील. मी जागा सोडणार नाही, फेर्नां. तुला आणायला पुढच्या वर्षी येणार नाही. आत्ता आले, कारण थंडी पडलीये, आणि मी दमलेय. ती भीती इथे ठेवून ये असं नाही म्हणत. तिला घेऊन ये. घर मोठं आहे."

ती उठली आणि घंटा उचलून बाहेर गेली. मार्मोतच्या गळ्यात पट्टा टाकून ती बकल लावायला लागली. वडिलांचं म्हणणं तिला पाठ होतं. दुसऱ्याने बांधली तर गाय चालत नाही. गाईने मान खाली घातली, पण पाय रोवले. आर्लेतची बोटं गारठली होती. पट्टा दोनदा निसटला. तिने तिसऱ्यांदा तो ओढला.

"वरच्या भोकात नको," मागून फेर्नां म्हणाला. "चालताना घासेल तिला."

"तू उभा राहून शिकवू नकोस."

"हो बाजूला."

त्याने बकल लावलं. मग मानेखालून हात फिरवून पट्टा तपासला, जसा तो दर वर्षी तपासायचा. हात तिथेच थांबले. आर्लेतने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने तो आत गेला, चुलीवर राख ओढली आणि दार लावून घेतलं.

कळप उतरला. कालवडी मार्मोतच्या मागे, फेर्नां पुढे, आर्लेत शेपटाला. जंगल संपलं तिथे, पहिल्या कुरणाच्या तोंडाशी, तो थबकला. बोगद्यावरची जमीन इथून सुरू होते हे त्याला माहीत होतं. पेपरातल्या नकाशावर त्याने ते पाहिलं होतं. त्याने टोपी सारखी केली, आणि गार पाण्यात उतरावं तसा पाय टाकला.

ती त्याच्या बरोबरीने आली तेव्हाच बोलली. "ते बंद पडलंय. गेल्या महिन्यातच. वसंतापर्यंत सुरू होणार नाही."

फेर्नां उभा राहिला. कळप त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेला.

"आणि तू मला वर सांगितलं नाहीस."

"नाही."

"का?"

"बंद पडलं म्हणून आला असतास."

तिला वाटलं, आता हा वळणार आणि परत चढणार. तिने ते होऊ दिलं असतं. एवढं तिने वरूनच मनाशी पक्कं करून आणलं होतं.

"तुझ्याइतकी हट्टी बाई," फेर्नां म्हणाला, आणि वाक्य पुरं न करता चालू लागला, कारण मार्मोत वळणावर दिसेनाशी झाली होती.

दुआर्तने मुलीला खांद्यावर घेऊन फाटक उघडून धरलं होतं. फेर्नां त्याच्यापाशी थांबला. "दुरुस्त होईल ना ते?"

"होईल, मस्य मर्मे."

"आणि तुमचं ते उत्तर? अजून शून्य नाही?"

दुआर्तने आर्लेतकडे पाहिलं. ती कालवडी मोजत होती, तिने मान वर केली नाही. "नाही," तो म्हणाला.

"बरं." फेर्नांने मुलीच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढला. "सूप प्यायला या खाली. सगळे या."

पुढच्या जूनमध्ये, कळप वर न्यायच्या सकाळी, त्याने खुंटीवरची मोठी घंटा काढली आणि पोत्यात गुंडाळली.

"जूनमध्ये कुणी नेतं का ती?" आर्लेत म्हणाली.

"मी नेतो. तुझा गुडघा दुखतो."

"वर ठेवशील कुठे?"

"दाराशी. डोळ्यांसमोर."

त्याने ती पाठीवर घेतली, मार्मोतला हाक मारली आणि निघाला. आर्लेत धारेला गेली. गाईच्या कुशीला डोकं टेकलं तेव्हाही तो जाड, दबलेला आवाज रस्त्यावरून येत होता, आणि मग कुरणाच्या टोकाशी, बोगद्याच्या बरोबर वर, थोडा वेळ थांबून पुढे गेला.