देवदाराला फेऱ्या

पदर कमरेला खोचून मावशी म्हणायची, "कोण अडवतंय बघू की." टँकरच्या रांगेत घुसणाऱ्याला म्हणायची, रेशन दुकानदाराला म्हणायची, डॉक्टरलासुद्धा. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच. नसेल तर तुमचं नशीब फुटकं.

माहेर माढ्याकडचं. लग्न होऊन सोलापुरात आली आणि जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरत राहिली. मी शेजारी राहणारी शाळामास्तरीण, म्हणून तिच्यासाठी नुसती 'बाई'.

नवरा गेल्यानंतरच्या वटपौर्णिमेला ती नेहमीसारखी ताट घेऊन वडाजवळ आली. गल्लीतल्याच एकीनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, की आता तुमचं इथं काम नाही. मी तावातावानं भांडायला निघाले, तर मावशीनंच माझा दंड धरला.

"असू द्या बाई. जगात हे एकच झाड हाय व्हय?"

घरी आल्यावर मात्र तिनं ते ताट भरलेलंच ओट्यावर सारून दिलं. मला तेव्हा साऱ्या गल्लीचा राग आला होता, अजूनही आहे.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिघी शिक्षिका हिमाचलला निघालो. तिथं उंच डोंगरात देवदारांचं फार जुनं जंगल आहे आणि वर पोचायला दिवसभर चालावं लागतं, हे तिनं माझ्याकडूनच ऐकलं आणि पिशवी भरायला घेतली. मुलानं गुडघ्यांची आठवण करून दिली, दम्याची दिली. देवालाच जायचं तर तुळजापूर जवळ आहे म्हणाला. तुळजापूरला जाताना मी तुला विचारते का, असं विचारून तिनं पिशवीचा बंद आवळला.

चढावर तिला धाप लागली. वाटाड्या परत फिरा म्हणाला. मावशी दगडावर बसली, कडक भाकरी शेंगाचटणीशी खाल्ली, थोडी त्यालाही दिली आणि त्याच्या पुढं चालू लागली. चटणी झोंबलेला तो बिचारा पाणी शोधत मागं राहिला.

वर पोचल्यावर आम्ही साऱ्याच माना वर करून बघत राहिलो. चौघींनी हात धरले तरी कवेत मावणार नाहीत असे बुंधे. मावशीनं पिशवीतून कारखान्यातल्या सुताचा अख्खा कोन, म्हणजे भलं मोठं रीळच, काढला. एवढ्या झाडाला गुंडाळायचं तर वडाचं सूत कसं पुरणार, म्हणून आणला होता. वाटाड्या धावत आला. हे देवाचं वन, इथं झाडाला काही बांधायचं नाही, म्हणाला. मला वाटलं, इतक्या लांब येऊन इथंही नाहीच का?

मावशीनं कोन परत पिशवीत ठेवला.

"बांदत न्हाय म्हणावं. पर नुसतं फिरलं तर चालतंय का, इचारा. आन् नवरा मेलेली हाय, ते बी सांगा."

मी हिंदीत सांगितलं. त्याला प्रश्नच कळेना. पुन्हा सांगितलं. झाडाभोवती फिरण्याशी नवऱ्याचा काय संबंध, असं तोंड करून तो म्हणाला, "घूमो ना, माताजी."

मावशी फिरली. मुळांना ठेचकाळत, बुंध्याला तळवा टेकवत. दर फेरीला ती झाडामागं दिसेनाशी व्हायची. एकदा आलीच नाही, म्हणून घाबरून मी पलीकडं गेले. ती बुंध्याला पाठ लावून उभी होती, चेहरा ओला. नवऱ्याची आठवण आली असेल असं वाटलं. काय मागितलंत, मी विचारलं.

"आजवर त्यांच्यासाटीच मागत आले. आज माज्यासाटी मागितलं. माज्यासाटी कुणी कवा मागितलंय व्हय, बाई?"

त्याच हिवाळ्यात ती झोपेत गेली. तुम्ही तिला डोंगरावर नेलंत म्हणून हे झालं, असं मुलगा रडत रडत मला म्हणाला. मी ते ऐकून घेतलं नाही. मी नेलं नव्हतं, ती गेली होती. तिच्याविना ही गल्ली मला खायला उठते, हे खरं. पण उद्या तिच्यासारखी दुसरी कुणी पिशवी भरून माझ्या दारात उभी राहिली, तर मी चपला घालून तिच्यासोबत निघेन.